आयसोफिक्सवाली बेबी सीट एका बाजूने सुटली, दुसरी बाजू निघूनच नाही राहिली

रामबागवाला:
नमस्कार मंडळी. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, मोबाईलचा टॉर्च दातात धरून पाऊण तास पार्किंगमध्ये गाडीत उलटा पडलो होतो, आत्ता वर येऊन लिहून राहिलोय कारण बायको म्हणाली अजून जोर लावलास तर सीट नाही, तुझी कंबर निघेल.

तर झालं असं की रविवारी मांडूला गेलो होतो, पाऊस मस्त, सगळं हिरवंगार, मुलीने (२ वर्षं ४ महिने) तिथे भाजलेलं कणीस खाल्लं, वर गाडीत बसल्यावर बाटलीभर दूध प्यायली, आणि वळणं सुरू झाली तशी सगळी सीट भरून टाकली. वाइप्सनी पुसलं, घरी येऊन ओल्या फडक्याने पुसलं, मग बायकोने लिंबाच्या वासाचा स्प्रे मारला. आज बुधवार. पावसामुळे काचा बंद, आणि आता गाडीत लिंबू घातलेल्या नासक्या दुधाचा वास येऊन राहिला आहे. शनिवारी आई-बाबा ग्वाल्हेरहून येणार, रविवारी सगळ्यांना घेऊन उज्जैनला जायचंय, म्हणून म्हटलं सीट काढून नीट धुवून टाकू.

सीट आयसोफिक्सची आहे (म्हणजे सीटबेल्टने न बांधता गाडीतल्या लोखंडी कड्यांना थेट अडकते ती), मूल पुढे तोंड करून बसतं तशी. दीड वर्षापूर्वी मेहुण्याने लावून दिली होती, तेव्हापासून एकदाही काढलेली नाही. मेहुणा आता बंगळूरला, मेसेजवर एवढंच म्हणतो की बटन दाब आणि ओढ, निघते. डावीकडचं बटन दाबलं, ओढलं, टक करून सुटलं, तिथली रंग दाखवणारी चिमुकली खिडकी हिरव्याची लाल झाली. उजवीकडचं बटन अर्धं जातं आणि अडकतं. हिरवंच आहे. दोन्ही हातांनी धरून ओढलं, पाय लावून ओढलं, हलवून हलवून ओढलं, काही नाही. मॅन्युअल खोक्यात होतं आणि खोकं मागच्या गणपतीत डोंगर करायला गेलं.

आता डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, हातोडीने बटन हळूच ठोकू का. दोन, तेल सोडू का. तीन, सर्व्हिस सेंटरला नेऊन गाडीची मागची सीटच उघडू का. आणि चौथी गोष्ट आईने फोनवर विचारली ती म्हणजे एवढी काय धावपळ, उज्जैन पंचावन्न किलोमीटर तर आहे, घेईन की मी मांडीवर. हे पण सांगा.

जुळ्यांची_आई:
पहिला प्रश्न, वरचा पट्टा काढलात का?

रामबागवाला:
वरचा पट्टा? तो काढायचा असतो?

जुळ्यांची_आई:
अहो दादा 😄 पुढे तोंड करून बसायच्या बहुतेक आयसोफिक्स सीटना तीन ठिकाणी धरलेलं असतं. खाली दोन कड्या आणि वर तिसरा एक पट्टा, जो सीटच्या मागून निघून हेडरेस्टच्या दांड्यांमधून गाडीच्या सीटच्या पाठीमागे जातो आणि तिथे हुकाने अडकतो. हूक कुठे असेल ते गाडीवर आहे, कोणाच्या गाडीत सीटच्या पाठीच्या मागच्या बाजूला, कोणाच्या डिक्कीच्या तळाला, हॅचबॅक असेल तर डिक्की उघडा आणि ती जाळीसारखी फळी असते ना सामान झाकायची ती काढा, म्हणजे दिसेल. पट्ट्यावर एक बटन नाहीतर चपटी पट्टी असते, ती दाबून धरून आधी पट्टा सैल करा मग हूक निघेल. ताणलेला असताना हूक काढायला जाल तर बोटं सोलवटतील, अनुभवाने सांगते, माझ्याकडे दोन सीट आहेत आणि दोन्ही वेळेला सोलवटली.

रामबागवाला:
गेलो खाली परत. होता. सीटच्या पाठीमागे, त्या फळीच्या खाली, धुळीने माखलेला. दीड वर्षं डिक्कीत सामान टाकून राहिलोय आणि मला वाटायचं तो गाडीचाच काहीतरी बेल्ट आहे. सैल केला, हूक निघाला. सीटचा वरचा भाग आता मोकळा झाला, डुलते. पण उजवी बाजू तशीच घट्ट. बटन तसंच अर्ध्यावर.

सराफा_रात्री_बारा:
अरे भिया टेन्शन कायको लेना, तो स्प्रे येतो ना गंज काढायचा निळ्या डब्यातला, दोन फुसके मार फटीत, पाच मिनिटं थांब, लोण्यासारखी निघेल. माझ्या शटरचं कुलूप याच्यानेच उघडलं होतं.

खटपट्या:
सराफा भाऊ, शटरच्या कुलपात पोरगी बसत नाही. तेल, स्प्रे, ग्रीस काही मारू नका, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं असल्याशिवाय नाही. एक तर त्या चिकटपणावर धूळ आणि खाण्याचा चुरा येऊन बसतो आणि महिन्याभराने आतल्या आत लगदा होतो, दुसरं म्हणजे आत प्लास्टिकचे भाग आहेत, कुठलं रसायन कुठल्या प्लास्टिकला खातं ते आपल्याला माहीत नसतं. आणि रामबागवाले, हातोडी खाली ठेवा.

आधी ती धरली कशी जाते ते बघा म्हणजे जोर कुठे लावायचा ते कळेल. गाडीच्या मागच्या सीटची गादी आणि पाठ जिथे भेटतात त्या फटीत खोल दोन लोखंडी कड्या असतात, थेट गाडीच्या सांगाड्याला पक्क्या केलेल्या, एकमेकींपासून २८ सेंटीमीटरवर. हे माप १९९९ च्या आयएसओ स्टँडर्डमधलं आहे, म्हणून कुठल्याही कंपनीची सीट कुठल्याही कंपनीच्या कडीला लागते. बेबी सीटच्या बुडातून दोन हात मागे निघतात, प्रत्येकाच्या टोकाला जबडा, जबडा कडीला चावतो आणि आतला खटका पडतो. हिरवं म्हणजे चावलंय, लाल म्हणजे सुटलंय. बटनाने तो खटका उचलला जातो. पण जबड्यावर ओढ असेल तर खटका कडीवर दाबून बसलेला असतो, मग बटन अर्ध्यावरच अडकणार. म्हणजे तुम्ही जेवढं ओढताय तेवढं ते घट्ट होतंय.

पावसाळ्यात दार फुगलं की कडी निघत नाही तेव्हा आपण काय करतो? दार आपल्याकडे ओढत बसत नाही, उलट आत दाबतो, एक सूतभर हललं की कडी आपोआप सरकते. हे तेच आहे. सीट ओढायची नाही, आधी मागे ढकलायची.

आता तुमच्या केसमध्ये अजून एक भानगड झाली आहे असं मला वाटतं. डावा हात सुटल्यावर तुम्ही ओढलंत, त्यामुळे सीट तिरकी झाली, आणि उजवा जबडा कडीवर वाकडा होऊन पिळला गेला. आता तो सरळ होईपर्यंत सुटणार नाही, पाय लावा नाहीतर ट्रॅक्टर लावा. म्हणून ऐकायला उलटं वाटेल पण सुटलेली डावी बाजू आधी परत लावा. ढकला, टक वाजू दे, दोन्ही खिडक्या हिरव्या दिसू देत. सीट सरळ झाली की गाडीच्या सीटची पाठ मागे रेलत असेल तर एक खाच मागे रेलवा, नसेल तर राहू द्या. मग बेबी सीटवर गुडघा ठेवा, अंगाचं वजन पाठीच्या दिशेने टाका, खाली नाही, मागे, आणि तसंच दाबून धरून उजवं बटन पूर्ण दाबा. ते लाल झालं की बटन न सोडता फक्त ती बाजू बोटभर पुढे घ्या, नाहीतर परत चावेल. बोटभरच, हातभर नाही. मग तेच डावीकडे. मग दोन्ही हातांनी सरळ रेषेत बाहेर.

एक राहिलं, काही मॉडेलमध्ये बटनाच्या शेजारी एक चिमुकला लॉक असतो जो आधी सरकवावा लागतो, आणि काहींमध्ये दोन्ही बाजूंना मिळून पुढे एकच खेचायचा दांडा असतो. तुमची डावी बाजू निव्वळ बटनाने सुटली म्हणजे उजवी पण तशीच असणार, तरी टॉर्च मारून बघा.

बडोदेकर_सध्या_इंदूर:
खटपट्या यांनी लिहिलंय ते शंभर टक्के, फक्त माझी भर, कारण सगळ्यांकडे आयसोफिक्स नसते. आमची सीट गाडीच्या सीटबेल्टने बांधायची आहे, मुलगा आठ महिन्यांचा, मागे तोंड करून बसतो (आणि म्हणून मागच्याच सीटवर, पुढे एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट कधीच लावायची नाही, उघडणारी एअरबॅग सरळ त्या सीटच्या पाठीवर आपटते). बडोद्याला दांडिया बाजारात सासरवाडीला गेलो होतो तेव्हा ती काढायची वेळ आली आणि लाल बटन दाबूनच जाईना. सासरे, मेव्हणा, शेजारचा एक भाई, तिघांनी दाबून बघितलं, भाई म्हणाला बेल्ट कापून टाका. तेवढ्यात सासूबाई आल्या, म्हणाल्या सीटवर बसा ना कोणीतरी. मेव्हणा गुडघ्याने सीटवर टेकला, बेल्ट सैल पडला, मी अंगठ्याने दाबलं, सुटलं. तेच तत्त्व, ताण काढला की बक्कल सुटतं. आणि ज्यांच्या सीटवर बेल्ट दाबून धरणारा क्लिप असतो त्यांनी आधी तो उघडायचा, नाहीतर बेल्ट सुटला तरी सीट लटकूनच राहते.

सासूबाईंना गाडी चालवता येत नाही हे इथे सांगितलंच पाहिजे.

टिळकनगरचे_आजोबा:
मी हे सगळं वाचून थक्क झालो आहे. आम्ही १९७८ साली बजाज स्कूटरवर दोघं आणि तीन मुलं मिळून ओंकारेश्वरला जाऊन आलो. धाकटा पुढे उभा, मधला मध्ये सँडविच, मोठी मागे आईच्या मांडीवर. कोणाला काही झालं नाही. आता एक मूल, एक गाडी, तीन पट्टे, दोन कड्या आणि अख्खा मोहल्ला रात्री बारा वाजता त्यावर चर्चा करतोय. आजी म्हणते आहे मांडीवर घेते तर घेऊ द्या की. आजीच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कोणती?

खटपट्या:
आजोबा नमस्कार. आजीच्या मांडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, घरात. गाडीचा हिशोब वेगळा आहे. मुलगी १२ किलोची धरू. गाडी ताशी ४० च्या वेगाने आहे, म्हणजे काही फार नाही, गावातलाच स्पीड, आणि समोर काहीतरी आडवं आलं आणि गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली. तेवढ्या क्षणी त्या मुलीला धरून ठेवायला साधारण दीडशे किलो उचलण्याएवढा जोर लागतो. पोतं भरून सिमेंट तीन समजा. कुठली आजी धरेल? पैलवान पण नाही धरणार. आणि आजीने स्वतः बेल्ट लावला नसेल तर आजी मागून मुलीवरच येणार. आजी-नातीने मिळून एकच बेल्ट लावणं तर त्याहून वाईट, बेल्ट आणि आजीच्या मध्ये मूल चेपतं.

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आहे, १४ वर्षांखालचं मूल बेल्ट नाहीतर चाइल्ड सीटशिवाय असेल तर चालवणाऱ्याला १००० रुपये दंड. दंडाची भीती मी घालत नाही, कोण पकडतंय. दीडशे किलोचं बघा.

तुमची तिन्ही मुलं सुखरूप आली याचा आनंदच आहे.

टिळकनगरचे_आजोबा:
तीन पोती सिमेंट म्हणजे पटण्यासारखं उदाहरण दिलंत, मी पीडब्ल्यूडीत होतो. ठीक आहे. पण स्कूटर चांगली होती हो.

जुळ्यांची_आई:
रामबागवाले, माणसं किती आहात? तुम्ही दोघं, आई-बाबा आणि छकुली, पाचच ना? मग बाबा पुढे, मागे आई, सूनबाई आणि सीट. बसतंय की सगळं. सीट जागेवर राहूनच उज्जैन होतंय, मांडीचा प्रश्नच कुठे आला. फक्त रविवारपर्यंत वाळायला हवी, तीच खरी अडचण, जुलैमध्ये रुमाल वाळत नाही.

आता धुण्याचं सांगते कारण मुलं दोन आणि उलट्या म्हणाल तर मोजत नाही. कव्हर काढायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पट्टा कुठल्या भोकातून कुठे गेलाय ते पण, विश्वास ठेवा, लावताना लागतील. कव्हरच्या आत शिवलेलं लेबल असतं त्यावर धुण्याचं लिहिलेलं असतं, बहुतेक ३० डिग्रीच्या आसपास हलक्या सायकलवर मशीनमध्ये चालतं, ड्रायर नाही, सावलीत वाळवा. कव्हरखाली जो पांढरा थर्माकोलसारखा भाग असतो तो उपटू नका, तो आपटण्याचा धक्का खाण्यासाठीच आहे, फक्त पुसा.

पट्टे मात्र मशीनमध्ये टाकायचे नाहीत, साबणाच्या पाण्यात भिजत घालायचे नाहीत, ब्लीच तर अजिबात नाही. ते पट्टेच धक्क्याच्या वेळी मुलाला धरतात, त्यांची वीण ढिली पडली तर बघून कळत पण नाही. ओल्या फडक्यावर अगदी सौम्य साबणाचा एक थेंब घ्या, पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने परत पुसा, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. वास सगळ्यात जास्त बक्कलात बसतो, पायांच्या मधलं जे बक्कल असतं त्यात. पेल्यात कोमट पाणी घ्या, नुसतं पाणी, त्यात बक्कल बुडवून लाल बटन दहा-वीस वेळा दाबा, पाणी बघून तुम्हालाच उलटी येईल. परत स्वच्छ पाणी. मग झटकून पंख्याखाली. बऱ्याच जणांना वाटतं बक्कल खराब झालं, लागत नाही, नवीन सीट घ्यावी, आणि आत निघतो बिस्किटाचा लगदा.

आज गुरुवारी धुतलंत तर शनिवारी रात्रीपर्यंत वाळेल. पंखा पाचवर, कव्हर खुर्चीवर पसरून, दोरीवर नको कारण दोरीवर आतला फोम एकीकडे लोंबतो.

सराफा_रात्री_बारा:
नाही वाळलं तर कव्हर न लावताच बसवा ना, एका दिवसाचा तर सवाल आहे, वर टॉवेल घाला.

जुळ्यांची_आई:
नको भाऊ. कव्हर म्हणजे उशीचा अभ्रा नाही, पट्टे त्याच्यातून बरोबर जागी येतात आणि सीट तशीच तपासलेली असते, म्हणून कव्हरशिवाय वापरू नका असं कंपन्या सांगतात. टॉवेल खाली घातला तर मूल घसरतं आणि पट्टा सैल राहतो ते वेगळंच. आणि माझ्याकडे मोठ्या मुलांचा बूस्टर (मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट लावायची बैठक) पडलाय, तो देते असं म्हणायचं मनात आलं होतं पण तो १५ किलोच्या पुढच्यांसाठी आहे, यांच्या छकुलीला नाही चालणार.

रामबागवाला:
मंडळी!! निघाली!!

क्रमाने सांगतो. आज ऑफिसातून लवकर आलो, उजेडात बघितलं. खटपट्या यांनी सांगितलं तसं डावी बाजू परत लावायला गेलो, मन होईना, एवढ्या मेहनतीने सुटलेली बाजू कोण परत लावेल, पण लावली. टक. दोन्ही हिरवे. मग गुडघा टेकवून मागे दाबलं, उजवं बटन दाबलं, अजून पण पूर्ण जाईना. तेव्हा वाटलं की आता सर्व्हिस सेंटरच. मग बायको व्हॅक्यूमची बारीक नळी घेऊन आली आणि म्हणाली आधी फट तर साफ कर. फटीतून काय काय निघालं, लसूण सेव (हे इंदूर आहे, सेव निघणारच), एक रंगीत खडू, पाच रुपयाचं नाणं, केसांची क्लिप, आणि एक वाळलेला मनुका की जो मनुका होता की काय होतं ते आम्ही ठरवलं नाही. उजव्या हाताच्या बटनाच्या वर जी खोबण असते तिथे सेव दाबून दाबून अक्षरशः सिमेंट झाली होती, मऊ ब्रशने आणि टूथपिकने काढली. परत गुडघा, परत मागे दाब, बटन, आणि टक्क. लाल. त्या आवाजाला मी आयुष्यभर विसरणार नाही.

सीट उचलली तर खाली गाडीच्या गादीवर चार खड्डे पडलेत, ते जातील का हळूहळू? आणि फटीतून दोन प्लास्टिकचे काळे चिमटे निघून हातात आले, तुटले का काय?

खटपट्या:
अभिनंदन. वहिनींना मानलं, मी तीन परिच्छेद लिहिले आणि त्यांनी व्हॅक्यूम आणला.

ते काळे चिमटे तुटलेले नाहीत, ती गाइड आहेत, कडीवर बसवायची असतात म्हणजे सीट लावताना हात बरोबर कडीवर जातो आणि गाडीच्या सीटचं कापड फाटत नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, हरवू नका. खड्डे काही दिवसांनी बरेचसे भरून येतात, तोवर त्यावर बसायला आई आहेतच. खड्डे पडू नयेत म्हणून पुढच्या वेळी खाली जाड गोधडी घालायची आयडिया कोणी देईल, ती घेऊ नका, सीट घट्ट बसत नाही.

आणि सीट गाडीतून काढली आहे तोवर ती डिक्कीत मोकळी फेकून फिरू नका, मागच्या सीटवर तर नाहीच. मोकळी वस्तू ब्रेक लागल्यावर कुठे जाईल सांगता येत नाही. घरातच ठेवा.

लावताना उलटा क्रम. दोन्ही गाइड, दोन्ही हात, दोन्ही टक, दोन्ही हिरवे, मग पाठीकडे घट्ट ढकला, मग वरचा पट्टा हुकात आणि ताणून घ्या, पट्टा पिळलेला नको. शेवटी जिथे हात कडीला लागतात त्या भागाशी सीट धरून डावी-उजवीकडे हलवा, एक इंचापेक्षा जास्त हलली तर परत लावा. वरच्या टोकाला धरून हलवू नका, तिथे थोडी हलणारच.

बडोदेकर_सध्या_इंदूर:
आणि बाकीच्यांनी पण आपापल्या सीटखाली एकदा बघून घ्या. मी आत्ताच बघून आलो. सासूबाईंच्या कानातलं एक मिळालं जे त्या दिवाळीपासून शोधताहेत.

रामबागवाला:
शनिवार, दुपार. शेवटचं अपडेट. कव्हर गुरुवारी रात्री धुतलं, दोन रात्री पंख्याखाली, आज सकाळी हाताला कोरडं, वास नव्वद टक्के गेला, उरलेला दहा टक्के बक्कलाच्या आतून येत होता म्हणून पेल्याचा प्रयोग परत केला. लावताना एक पट्टा उलटा ओवला होता, फोटोमुळे सापडला, जुळ्यांच्या आईला धन्यवाद. सीट बसवली, दोन्ही हिरवे, वरचा पट्टा या वेळी मी स्वतः लावला आणि हलवून बघितली, अर्धा इंच. मुलगी बसली आणि म्हणाली, बाबा, सेव?

आई-बाबा स्टेशनवरून रिक्षाने आले, बाबांनी येताच सीट बघितली, आई अजून म्हणते आहे की मांडीवर घेतलं असतं. तिला सिमेंटची तीन पोती ऐकवली. ती म्हणाली, पोती नाही रे, नात आहे ती.

आणि आत्ता मेहुण्याचा फोन आला. म्हणतो, काय रे, निघाली का सीट? वरचा पट्टा आधी काढलास ना?